ठके, ह्या वर्षी माझं पान वाढलं नाहीस

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तुझा असल्या गोष्टींवर विश्वास असणारच' असं म्हणायला नको. माझा नाही. भूत, करणी, कुंडली, अंगात येणं... सगळ्यांना माझं एकच उत्तर असायचं — पुरावा दाखवा. ऑफिसात कुणी हॉन्टेड लिफ्टचे किस्से सुरू केले की मी मुद्दाम त्याच लिफ्टने खाली जाऊन चहा पिऊन यायचे. तर अशी मी. आणि आता पुरावा माझ्याच फोनमध्ये आहे, आणि तो दाखवायचा कुणाला हेच मला कळत नाहीये!

हे सगळं एका दमात टाइप करतेय. भीतीने नाही हो, नुसत्या एक्साइटमेंटने. भीती होती ती माझ्या आईला. ह्या प्रकारात तिचा मुलगा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिच्या हातून कायमचा जाईल अशी ती भीती होती, आणि ती खोटी नव्हती. दादाची परवानगी घेऊनच लिहितेय.

माझं वय पंचेचाळीस. लग्न केलं नाही. नोएडात एका मीडिया कंपनीत नोकरी, तिथेच फ्लॅट, सोबत आई. लहानपण सगळं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, गेल्या वर्षी थंडीत गेले. दादा बावन्न वर्षांचा, तोही सरकारी नोकरीत, राहतो द्वारकेला. दर रविवारी एवढं अंतर तोडून तो आमच्याकडे जेवायला येतो, ते अर्थातच माझ्यासाठी नाही. आईचा सगळा जीव दादात. लहानपणी मी भांडायचे त्यावरून — त्याला सायीची वाटी आणि मला नुसतं दूध!

आमच्या मराठीबद्दलही सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. दिल्लीत वाढलेल्या मुलांची मराठी कशी असते, ठाऊक असेल तुम्हाला. शब्द गळून गेलेले, मधेमधे हिंदी. आणि एक खूण तर लपतच नाही. 'माझं' म्हणताना दातांमागून निघणारा तो झ आम्हाला जमत नाही. आमच्या तोंडून हिंदीतल्या 'झंडा'चा झ येतो. पुण्याला गेलं की लोक हसतात. आई लहानपणी मला समोर बसवून 'माझं, तुझं' घोकून घ्यायची. शेवटी तिनेच हात टेकले.

आणि अशा मराठीत मी कादंबरी लिहायला घेतली. सस्पेन्स! एका कुटुंबात वर्षानुवर्षं पुरून ठेवलेलं गुपित, असा विषय. पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनाच्या संपादक, विद्याताई, ह्यांनी पहिली तीन प्रकरणं वाचून लगेच होकार दिला. मी हवेत. मग अठरा प्रकरणं झाली. नायिका संशयाने घर धुंडाळतेय, आई गप्प, नातेवाईक नजर चुकवताहेत... आणि गुपित काय आहे ते मलाच माहीत नव्हतं! खरंच. म्हटलं, लिहिता लिहिता सुचेल. नाही सुचलं. माझ्या कादंबरीतलं घर म्हणजे आमच्यासारखंच दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथे तळघर नाही, माळा नाही. ट्रंकसुद्धा पलंगाखाली मावायची नाही, तिथे गुपित पुरणार कुठे?

लिहायची माझी पद्धत म्हणजे बोलणं. सकाळी पावणेनऊला गाडी काढायची, फोन समोर लावायचा आणि सिग्नल-सिग्नलला कादंबरी बोलत जायची. ॲपमध्ये बोललेलं मराठीत टाइप होतं आणि आवाजही सेव्ह राहतो. काचा बंद, रेडिओ बंद, गाडीत मी एकटी. संध्याकाळी घरी येऊन चुका दुरुस्त करायच्या. ॲप चुका भरपूर करतं, त्यामुळे मला कशाचंच काही वाटायचं नाही.

सप्टेंबरात एक दिवस संध्याकाळी फाइल उघडली, तर मजकुराच्या मधेच एक वाक्य — 'अहेव गेले म्हणून काय झालं.'

अहेव? म्हटलं, मी 'आहे' म्हणाले असणार. नीट केलं. 'आहे. गेले म्हणून काय झालं.' आणि वाचून मीच उडाले! काय जबरदस्त ओळ! आहे. गेले म्हणून काय झालं! मी खूश होऊन ती प्रकरणाची पहिली ओळ केली. पुढच्या दोन आठवड्यांत तो 'अहेव' आणखी तीन-चारदा आला. प्रत्येक वेळी मी त्याचा 'आहे' केला.

मग ऑक्टोबरात आलं, 'ठके, ह्या वर्षी माझं पान वाढलं नाहीस.' ॲपने हिंदी आणि मराठीची खिचडी केली असं मी धरून चालले. हिंदीतला 'थके'! आणि खरं तर मी थकलेच होते, महिनाभर कादंबरी एका पानाने पुढे सरकली नव्हती. मी दुरुस्त केलं, 'थकले. ह्या वर्षी माझं पान वाढलं नाही.' मग हे कादंबरीतलं नसून माझीच कुरकुर मधे रेकॉर्ड झाली असं समजून खोडून टाकलं.

नोव्हेंबरात तिसरं. 'पोर तुझ्या ओटीत घातलं होतं, विसरलीस?' ह्यावर तर मी मोठ्याने हसले. ऑफिसात दिवसभर ओटीटी, ओटीटी ऐकून ॲपही बिघडलं! पोर म्हणे ओटीटीत घातलं! डिलीट.

हसताय ना? हसा. पण मी एकेक निरोप पुसत होते, आणि मला वाटत होतं की मी शुद्धलेखन तपासतेय.

एका शुक्रवारी दुपारी विद्याताईंचा फोन आला. "अगं, दिल्लीत वाढलीस आणि 'अहेव' शब्द वापरतेस? किती वर्षांनी वाचला मी हा शब्द!"

"टायपो असेल तो," मी म्हटलं. "एखादा राहिला वाटतं. तिथे 'आहे' हवंय."

"टायपो कसला? 'अहेव गेले म्हणून काय झालं.' इतकं स्वच्छ वाक्य आहे. अहेव म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे ती बाई. सवाष्ण. आणि अहेव गेली म्हणजे नवऱ्याच्या आधी वारली. तुला माहीत नव्हता शब्द?"

"नाही."

"मग लिहिलास कसा?"

'नंतर सांगते,' म्हटलं. फोन ठेवला आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. ॲपमध्ये मजकुराच्या जुन्या प्रती राहतात, त्या काढल्या. बदललेली, खोडलेली तिन्ही वाक्यं सापडली. मग त्या-त्या दिवसाचा आवाज लावला.

माझा अंदाज होता की शेजारच्या गाडीतलं कुणी बोललं असेल, नाहीतर ॲपने काहीतरी जुळवलं असेल. तसं काही नव्हतं. आवाज माझाच होता! नायिका जिना चढतेय असं मी बोलतेय, श्वास घेतेय, आणि त्याच श्वासात, जराही न अडखळता, 'ठके, ह्या वर्षी माझं पान वाढलं नाहीस' — आणि लगेच पुढे जिना. मला ते बोलल्याचं आठवतही नाही. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं. 'माझं' बरोबर होतं. तो झ! दातांमागचा, पुणेरी, शंभर टक्के शुद्ध झ, माझ्या आवाजात! मी तिथल्या तिथे पन्नासदा म्हणून पाहिलं... माझं, माझं, माझं... गार्डने काच वाजवून विचारलं, "मॅडम, सब ठीक है?" झंडाच निघत होता.

शनिवारी सकाळी आई मटार सोलत बसली होती. मी म्हटलं, "आई, एक गंमत ऐकवू?" आणि लावलं.

पहिल्याच शब्दाला तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. पूर्ण ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "परत लाव." परत लावलं. मग अगदी हळू म्हणाली, "आवाज तुझा आहे. पण हा झ तुझा नाही."

"मग कुणाचा?"

"मला ठकी म्हणतात हे तुला कुणी सांगितलं?"

माझ्या आईचं नाव सुलभा. ठकी हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. ठके... थके नव्हतंच ते! मी उरलेली दोन वाक्यंही लावली. 'ओटीत' ऐकल्यावर आई रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी घाबरून पाणी आणलं, पाठ चोळली, आणि मग तिने सांगितलं.

आम्हाला नेहमी सांगितलेलं की आई एकुलती एक. तसं नव्हतं. तिला एक मोठी बहीण होती, इंदूताई. बाबांची पहिली बायको ती! दादा आठ महिन्यांचा असताना आजारपणात गेली. जायच्या आधी तिने बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "ठके, पोर तुझ्या ओटीत घातलं." वर्षाच्या आत आईचं बाबांशी लग्न झालं, आणि बाबांनी दिल्लीला बदली मागून घेतली. इथे कुणी ओळखीचं नाही, कुणी सांगणारं नाही. सुट्टीत सगळी मुलं गावी जायची आणि आम्ही कधी का जायचो नाही, ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमची मराठी अशी का राहिली, तेही.

"आणि पान?" मी विचारलं.

"पितृपक्षातली नवमी," आई म्हणाली. "अहेव गेलेल्या बाईची. त्या दिवशी तिच्या नावाने सवाष्णीला जेवायला घालतात. आठवतं ना, क्वार्टरमध्ये मी दर वर्षी कुणाला तरी बोलवायचे?"

आठवत होतं! कधी गढवाली आंटी, कधी वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकू. तांदळाची खीर, वडे, ब्लाउजपीस. आम्हा मुलांना वाटायचं, आई पार्टी देतेय.

"आमच्यात नवरा असेपर्यंतच ती नवमी करतात. बाबा गेले, म्हणून ह्या वर्षी मी केली नाही. पहिल्यांदाच."

मी फोनवर कॅलेंडर काढलं. नवमीची तारीख बघितली. फाइलची तारीख बघितली. तोच दिवस! पहिला 'अहेव' त्याच सकाळी आला होता, नऊ वाजून दहा मिनिटांनी, सेक्टर अठराच्या ट्रॅफिकमध्ये.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. मिळालं! कादंबरीचं गुपित मिळालं! तयार, जसंच्या तसं! पुढच्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली, कारण आईने माझा हात घट्ट धरला होता.

"दादाला सांगायचं नाही. बिल्कुल नाही. मला शब्द दे."

"आई, तो बावन्न वर्षांचा आहे."

"म्हणूनच. लहान असता तर रडून, रुसून विसरला असता. आता त्याला वाटेल, आयुष्यभर हिने मला फसवलं. मग तो माझा राहील का गं?"

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई सकाळपासून स्वयंपाकघरात. मला हात लावू देईना. वडे, खीर, सगळं. मला कळत होतं. साडेबाराला दादा आला, नेहमीसारखा आल्या आल्या कढईत डोकावला.

"अच्छा! आज क्या बात है? वडे?"

मग तो टेबलाशी आला आणि मोजलं. आम्ही तिघं. पानं चार.

"कोण येणार आहे, आई?"

आईने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. शेजारीण येणार होती, राहिली — इतकं सोपं होतं. मी तर वाक्य तयारच ठेवलं होतं, तोंडसुद्धा उघडलं. पण आई त्या चौथ्या पानाकडे बघत होती. इतकी वर्षं त्या पानाबद्दल खोटं बोलली होती ती, आणि त्या दिवशी तिला ते जमलं नाही.

"माझ्या बहिणीचं आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लाव ते."

मी लावलं. दादाने उभ्याने ऐकलं. आई सांगत गेली, तोही उभाच. सरकारी मीटिंगमध्ये बसतो ना, तसा चेहरा. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "तुझं गाव फलटणच ना?"

"हो."

त्याने चप्पल घातली आणि निघून गेला. लिफ्टची वाटही बघितली नाही, जिन्याने उतरला.

पुढचा रविवार आला, तो नाही आला. फोन बंद. वहिनी म्हणाली, "ते बाहेरगावी गेलेत, मलाही जास्त काही बोलले नाहीत." आई जेवणापुरती उठायची, चार घास खायची. मी काय काय करून बघितलं! ऑफिसातल्या टेक्निकल टीमला फाइल दिली, कारण न सांगता. त्यांचं म्हणणं, कुठेही जोड नाही, आवाज सलग आहे. एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, लहानपणी आईला झोपेत बोलताना ऐकलं असशील, मनात कुठेतरी राहिलं असेल. चला, शब्द राहिले असतील, मानलं. पण तो झ? आणि नवमीची तारीख? ह्यावर तिने विषयच बदलला. गाडीत मात्र पुन्हा एकही वाक्य आलं नाही. त्या रविवारनंतर नाहीच.

मला सगळ्यात राग कुणाचा आला होता, सांगू? तिचाच. इंदूमावशीचा. म्हटलं, एका पानासाठी माझ्या आईचं ताट रिकामं केलंस, झालं समाधान?

तिसऱ्या रविवारी बेल वाजली. मी दार उघडलं तर दादा. दाढी वाढलेली, खांद्यावर बॅग, पायांत तीच चप्पल. सरळ आत. आई पलंगावर बसली होती. ती उठायला लागली तर म्हणाला, "बस." आणि स्वतः खाली जमिनीवर बसला, बॅग उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"गावात विचारत विचारत गेलो," तो म्हणाला. "शेवटी तुझ्या मामेभावाच्या घरी मिळाला. द्यायला तयारच नव्हते यार, दोन दिवस बसून राहिलो."

फ्रेममधला फोटो होता. काळा-पांढरा, एका कोपऱ्याला ओल लागलेली. दोन मुली, परकर-पोलक्यातल्या. धाकटी म्हणजे आई, ओळखू येत होती. मोठीने तिच्या खांद्यावर हात टाकलेला.

"मला वाटलं, तू रागावून गेलास," आई कशीबशी म्हणाली.

"रागावलो होतो. ट्रेनमध्ये पूर्ण रात्र रागावलो होतो. मग विचार आला, की सख्खी बहीण गेली आणि तुझ्या घरात तिचा एक फोटो नाही. मला कळू नये म्हणून. तू तिचं नावसुद्धा घेतलं नाहीस, आई. माझ्यासाठी."

आईने फोटो दोन्ही हातांत घेतला. पदराने काच पुसली, पुन्हा पुसली. मग फोटोतल्या त्या मोठ्या मुलीला म्हणाली, "बघ गं ताई. केवढा झालाय बघ तुझा मुलगा."

"तुमचा," दादा म्हणाला.

आईला नीट ऐकू आलं नाही. तिने विचारलं, "काय?"

"तुझा नाही, आपला म्हण. दोघींचा."

मी स्वयंपाकघरात पळाले. कुणीतरी चहा टाकायला हवाच होता, आणि मला ओरडून रडायचं होतं.

विद्याताईंना मी कळवलं की कादंबरी थांबवतेय. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, गुपित सापडलं म्हणून. दादाने ते रेकॉर्डिंग माझ्याकडून मागून घेतलंय, गाडीत एकटा असला की ऐकतो म्हणे. माझ्याच आवाजातलं आहे, तरी ऐकतो. ते माझ्या तोंडून कसं आलं, कुणी आणलं, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा. मी अजूनही पुरावाच मागणारी बाई आहे, फक्त आता विचारताना जरा हळू आवाजात विचारते.